कोपरा द्या, पिल्लू आम्ही देतो

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की आमचे फोन वाढतात. रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्या पावसाळा सरल्यावर वितात, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी वाळूच्या ढिगावर, जिन्याखाली, बंद पडलेल्या गाडीच्या आडोशाला सगळीकडे पिल्लंच पिल्लं. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं : "ताई, इथं पिल्लं पडलीत, घेऊन जा ना." घेऊन जाऊ, पण कुठं? पुण्याच्या कडेला आमची एक पत्र्याची शेड आहे, त्यात मोजके पिंजरे, आणि ते कायम भरलेले. एखादा अपघातातला पाय, एखादा आळ्या पडलेला कान, एखादं गोचीडतापानं अंथरूण धरलेलं म्हातारं.

समजा जागा असती, तरी पिल्लू तिथं ठेवू नये असंच मी म्हणेन. पार्व्हो नावाचा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळाला कित्येक महिने जिवंत राहतो. घरोघरच्या फिनेलला तो दाद देत नाही, ब्लीच लागतं. काल उड्या मारणारं पिल्लू आज खाणं टाकतं, उलट्या करतं आणि संध्याकाळपर्यंत रक्ताचे, नाक धरायला लावणारे जुलाब सुरू होतात. मग पुढच्या पायाला सलाइन. बोटाएवढ्या त्या पायात शीर सापडेपर्यंत डॉक्टरांनाही घाम फुटतो. शेडमध्ये एकाला झाला की शेजारच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागत नाही. लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पिल्लाला हवं असतं ते एकच : जिथं वर्षभरात आजारी कुत्रं आलेलं नाही असं साधं घर. म्हणजे तुमचं.

याला आम्ही फॉस्टर म्हणतो. कायमचं पाळायचं नाही. दोन आठवडे, महिना, कधी दीड महिना सांभाळायचं. खाणं, औषधं, डॉक्टरांचं बिल आमच्याकडं. तुम्ही द्यायचा तो एक कोपरा : जाळी असलेली बाल्कनी, जास्तीचं बाथरूम, नाहीतर पलंगाशेजारी उलटा टाकलेला खोका. आणि लक्ष. लक्षच जास्त मोलाचं आहे. कोथरूडला आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक फॉस्टर आहेत, ते पिल्लाची वही ठेवतात. "सकाळी 6:10, शी घट्ट. 8:00, भात अर्धा टाकला. दुपारी दोनदा शिंकलं." सुरुवातीला आम्ही हसायचो. पण खोकला कधी सुरू झाला, भूक कधी मंदावली हे डॉक्टरांना त्या वहीतून कळतं आणि औषध वेळेवर सुरू होतं. शेडमध्ये एवढ्या बारकाईनं कोण बघणार? तिथला पोऱ्या एकटा असतो आणि पिंजरे धुण्यातच त्याची सकाळ जाते.

लोक नाही म्हणतात त्याचं पहिलं कारण "लळा लागेल." लागू द्या! लळा लागलेलं पिल्लूच माणसांत रुळतं आणि रुळलेलं पिल्लूच दत्तक जातं. ते जाताना तुम्ही रडाल, पुढच्या आठवड्यात कोपरा पुन्हा रिकामा असेल आणि आमच्याकडं पुढचं तयार असेल. दुसरं कारण सोसायटी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचना स्पष्ट सांगतात की बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण हा कागद सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. आधी पिल्लू दाखवा, जिन्यात घाण होणार नाही हा शब्द द्या आणि तो पाळा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मोठ्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी, आणि जास्त कडू. मादी कुणाला नको असते, काळं कुत्रं फोटोत नीट येत नाही म्हणून मागं राहतं, तीन पायांचं तर विचारूच नका. शिवाय हौसेनं आणलेले हस्की आणि लॅब्राडोर. केस गळतात, बदली झाली, बाळ झालं, की बायपासला सोडून मोकळे. कुत्र्याला असं टाकून देणं 1960च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? फार तर पन्नास रुपये. चहा आणि वडापावला याहून जास्त लागतात, तेव्हा कायद्याच्या धाकावर विसंबून चालत नाही. अशा कुत्र्याला महिनाभर घरात ठेवणारं कुणी मिळालं, तर ते जिन्याला घाबरतं का, लहान मुलांशी कसं वागतं, हे आम्हाला घेणाऱ्याला खरं सांगता येतं.

आता एक उलट विनंती. दिसलं पिल्लू की उचल, असं करू नका. आई जवळ असेल, पिल्लं गुबगुबीत असतील, तर पोतं टाका, पाण्याचं भांडं ठेवा आणि दूध तुटेपर्यंत थांबा. मग महापालिकेला सांगून आईची नसबंदी करून घ्या. नसबंदीच्या 2023च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर रस्त्यावरच्या कुत्रीला तिच्या जागी परत सोडतात. कानाला त्रिकोणी खाच दिसली की समजा, काम झालेलं आहे. ही एक नसबंदी आमच्या दहा फेऱ्या वाचवते.

पिल्लू घरी आलं की पहिल्या रात्री ते रडणार. गरम पाण्याची बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. मऊ भात आणि उकडलेलं चिकन चालतं. गाईचं दूध नको, बहुतेकांना जुलाब होतात. घरातली क्रोसिन, ब्रुफेन चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी भिनतात. घरात आधीचं कुत्रं असेल तर त्याच्या लशी पूर्ण हव्यात आणि पहिले दोन आठवडे दोघांची गाठ घालायची नाही. पिल्लाचा दात किंवा नख लागून ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. "एवढंसं तर आहे, त्याला काय होतंय" हे इथं चालणार नाही, आणि यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

घर शोधायचं काम आमचं, पण पसंती तुमचीही. लोक बघायला येतात तेव्हा घरातल्या आजीला विचारलंय का, गावाला जाताना कुत्रं कुठं ठेवणार, मादी असेल तर नसबंदी करणार ना, हे तुम्हीच विचारा. उत्तर पटलं नाही तर सांगा. आम्ही नाही म्हणू, वाईटपणा आमच्याकडं.

फोन कराल तेव्हा घर किती तास रिकामं असतं, येत्या महिन्यात लग्नकार्य किंवा प्रवास आहे का आणि घरात कुणाला दमा आहे का, एवढं सांगा. आणि बाथरूमची कडी नीट लागते का, तेही फोन करण्याआधी बघून ठेवा.