शिबिर उठल्यावर काय?

मिशनच्या वैद्यकीय शिबिराचा विषय निघाला की पुरुषमंडळी धर्मांतरावर भांडतात. बाईच्या अंगात रक्त किती, हे कुणी विचारत नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय काढले, ते कायमचे; एका दिवसाचे नव्हे.

धाटावला कारखाने आले, तरी रोहे तालुक्यातली कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधे वाडीवर डॉक्टर आला तर भेटणार कोण? रक्तवाढीच्या गोळ्या तर महिनोन् महिने घ्याव्या लागतात.

माझे म्हणणे एवढेच : मिशन असो वा सरकार, भट्टीपर्यंत पोचणारी, पुन्हा पुन्हा येणारी नर्सबाई द्या. आणि शिबिराची तारीख बायांना विचारून ठरवा.