पत्ता सांग पाहू!

जपानी शिकणाऱ्या भाचीला परवा डेरेक सिव्हर्सचं इंग्रजी भाषण नेटवर दाखवलं. २००९ साली म्हैसूरच्या टेडइंडियात झालेलं, जेमतेम तीन मिनिटांचं. तो सांगतो, जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. क्रमांक असतो तो घरांच्या ब्लॉकला.

"विचित्रच आहे!" इति भाची.

म्हटलं, "आता आपल्या घराचा पत्ता सांग."

"मारुतीच्या देवळामागे, गिरणीसमोर..." आणि स्वतःच हसायला लागली.

माझं मत विचाराल तर, अशी भाषणं नुसती ऐकून, नवे शब्द वहीत उतरवून भागत नाही. मध्येच थांबवून स्वतःकडेही बघायला हवं. नाहीतर भाषा पक्की होते, पण समोरचा माणूस कायम 'विचित्र'च राहतो. तुम्हाला काय वाटतं?