सूर्य सर्वांचा, पाणी मोजके

रात्री-अपरात्री वीज आली की कंदील वा विजेरी घेऊन बांधावर धावणे, अंधारात साप-विंचवाची भीती बाळगत पिकाला पाणी देणे, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्यांचे प्राक्तन होऊन बसले होते. सौरपंपाने या हालांतून सुटकेचा मार्ग दाखविला. २०१९ मध्ये केंद्र शासनाने ‘कुसुम’ योजना आणली. २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना जाहीर केली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावी, असे ठरले. दिवसा पाणी, वीजबिलातून मुक्ती आणि डिझेलच्या परावलंबनातून सुटका हे लाभ निर्विवाद आहेत. या धोरणाचे स्वागत करावे तेवढे थोडेच.

तथापि गावोगावी एक प्रवृत्ती दिसते आणि तिचा विचार वेळीच व्हायला हवा. सवलतीत मिळते आहे तर मोठ्यात मोठा पंप घ्यावा, ही ती प्रवृत्ती होय. योजनेत पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात. प्रशासनाला काही एक निकष लागतोच. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हा त्यातल्या त्यात सोपा निकष. परंतु विहिरीत पाणी किती आणि ते किती खोल, हे सातबारा सांगत नाही. पात्रतेपेक्षा लहान पंप मागण्याची मुभाही योजनेत आहे. तिचा लाभ घ्यायला मात्र शेतकरी सहसा धजावत नाही.

वास्तविक पंपाचे गणित अवघड नाही. त्याचे तीन प्रश्न आहेत. पिकाला रोज किती पाणी लागते? ते किती उंच उचलायचे? आणि विहीर रोज किती देऊ शकते?

समजा, चार एकरांच्या एका शेतकऱ्याची दोन एकर डाळिंबाची बाग ठिबकवर आहे. ऐन उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाण्याची गरज धरली, तर एकरी सुमारे २० हजार लिटर होतात. ठिबकमधील थोडी तूट धरून दोन एकरांना ४५ हजार लिटर पुरतात. उन्हाळ्यात विहिरीतील पातळी २० मीटर खाली जाते, ठिबकच्या दाबासाठी आणखी १० मीटर आणि नळीतील घर्षणासाठी ५ मीटर, असे एकूण ३५ मीटर ‘हेड’ झाले. एवढे पाणी एवढे उंच नेण्यास प्रत्यक्षात सव्वाचार युनिट ऊर्जा लागते. पंप व मोटारीतील घट जमेस धरली तर साडेनऊ युनिट. दिवसाकाठी पाच तास भर उन्हाचे मानले, तर दोन किलोवॉटच्या आसपासचे पॅनेल पुरते. तीन किलोवॉट पॅनेलचा ३ अश्वशक्तीचा पंप ढगाळ दिवस आणि धूळ सोसूनही हे काम आरामात करील. सातबारा मात्र याच शेतकऱ्याला ५ अश्वशक्तीस पात्र ठरवितो!

आता विहिरीकडे पाहू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. मे महिन्यात एक मीटर उपसा करावा आणि ते भरून येण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. बारा तास लागले तर विहिरीची रोजची आवक ५६ हजार लिटर. या विहिरीवर ४५ हजारांचा उपसा शोभतो. ५ अश्वशक्तीचा पंप स्वच्छ उन्हात लाखाहून अधिक लिटर ओढू पाहील, विहीर कोरडी पाडील आणि त्याची झळ शेजारच्या विहिरीलाही पोहोचेल.

येथेच प्रश्न वैयक्तिक न राहता सामाजिक होतो. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग बेसाल्टच्या कातळाचा आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच भूजल. वीजबिल वा डिझेलचा खर्च उपशाला काही प्रमाणात लगाम घालीत असे. सूर्याचे बिल येत नाही. म्हणून लगाम आता मनाचाच हवा. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईत मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात निसर्गाच्या शोषणाऐवजी दोहनाचा विचार आहे. वासराचा वाटा राखून गाईचे दूध काढावे, तसेच विहिरीचे.

हा संयम व्यवहारात उतरतो, याची उदाहरणे आहेत. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील ढुंडी येथे २०१६ मध्ये सौरपंपधारक शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज वीज कंपनीला विकली. विजेला दाम मिळाला की अकारण उपसा करण्याचा मोह उरत नाही. शासनाने ही व्यवस्था व्यापक केली, तर अनुदानातून पाणीही वाचेल.

निवडीतही विवेक हवा. पाणी सात मीटरच्या आत असेल किंवा शेततळे असेल तर जमिनीवरचा पंप पुरतो. खोल पाण्याला पाणबुडी पंपच हवा. डीसी पंप कमी ऊर्जेत अधिक पाणी देतो, पण त्याच्या दुरुस्तीसाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. एसी मोटार तालुक्याचा कारागीरही बांधून देतो. नळीत काटकसर करू नये, कारण व्यास निम्मा केला तर तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षणाची तूट सुमारे तीसपट होते. पॅनेल दक्षिणाभिमुख आणि झाडाच्या सावलीपासून दूर असावे. पाच वर्षांच्या हमीचा कागद सांभाळावा आणि पुरवठादार निवडताना त्याचे सेवाकेंद्र किती अंतरावर आहे, हे आधी विचारावे.

हे सारे एकट्या शेतकऱ्याला सुचेलच असे नाही. कागदपत्रे भरून देणारे दलाल पुष्कळ भेटतात, विहीर मोजून देणारा कोणी भेटत नाही. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही उणीव भरून काढावी. एक दोरी, एक घड्याळ आणि एक वही एवढ्या साहित्यावर गावातील प्रत्येक विहिरीची उन्हाळी नोंद होऊ शकते. अर्ज भरण्यापूर्वी ही नोंद शेतकऱ्याच्या हाती पडली, तर लहान पंप मागण्यात त्याला कमीपणा वाटणार नाही. शहरात नोकरी करणाऱ्या ज्या कुटुंबांची शेती गावी आहे, त्यांनीही पुढच्या मे महिन्यात आपल्या विहिरीपासून आरंभ करावा. सूर्य उद्याही उगवणारच आहे. विहिरीत पाणी असावे, एवढी काळजी माणसाने घ्यायची आहे.