शपथा पुरे झाल्या. आता खोली उघडा

उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामांतून एक दृश्य हमखास दिसते. कुणी भगिनी आपल्या पतीला वेदीपुढे आणते, तो क्रुसावर हात ठेवून दारू सोडण्याची शपथ घेतो, धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि आपण सारे समाधानाने घरी परततो. पुनरुत्थानाचा सण उलटतो न उलटतो तोच तो पुन्हा गुत्त्यावर दिसला, की आपण म्हणतो, ‘याने देवालाही फसवले.’ आमचे म्हणणे निराळे आहे. त्याने देवाला फसवले नाही; आपण त्याला एकटे सोडले.

मद्यासक्ती हा आजार आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर कंप, झटके, भ्रम होऊन प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणून शपथेआधी डॉक्टर हवा. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पण रुग्णालय शरीरातले विष उतरवते, सायंकाळचे सात वाजले की उठणारी तलफ नव्हे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रातून बरा होऊन कुणी नांदेडच्या स्थानकावर उतरला, तर त्याची पुढची सायंकाळ कुणाच्या भरवशावर?

याचे उत्तर १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन मद्यासक्तांनाच सापडले. एक शेअरबाजारातला दलाल, दुसरा शल्यविशारद. उपदेशाने जे साधले नव्हते, ते एकमेकांशी प्रांजळपणे बोलल्याने साधले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. येथे फी नाही, पूर्ण नाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. आणि निश्चय जन्मभराचा नव्हे, फक्त आजच्या दिवसाचा.

‘पापनिवेदनाचा संस्कार असताना परक्यांपुढे मन कशाला उघडायचे?’ असा आक्षेप काही श्रद्धाळू घेतात. त्यांनी सिस्टर इग्नेशिया यांचे चरित्र पाहावे. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९३९ साली याच धर्मभगिनीने, मद्यासक्तांना कुणी दारात उभे करीत नसता, डॉ. बॉब यांच्या साहाय्याने त्यांना खाटा मिळवून दिल्या. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला ठेवीत आणि बजावीत, की पहिला प्याला घेण्याआधी हा मला परत आणून द्यायचा. म्हणजे पुन्हा प्यायचे तर आधी एका माणसाला तोंड दाखवायचे! संस्कार पापाची क्षमा देतो. रोजच्या तलफेशी झुंजायला सोबती लागतो. या दोहोंत वैर कसले?

कुणी डब्लिनच्या मॅट टॅल्बट यांचा दाखला देतील. त्यांनी १८८४ साली शपथ घेतली आणि १९२५ साली मरण येईपर्यंत पाळली, हे खरे. पण पहिली शपथ अवघ्या तीन महिन्यांची होती. पुढे ते रोज मिस्सेला जात, मोहाच्या भयाने खिशात पैसे ठेवीत नसत आणि फ्रान्सिस्कन तृतीय संघात त्यांनी सोबती मिळवले होते. ती शपथ एकट्याची कधीच नव्हती.

खरा अडसर श्रद्धेचा नाही, अब्रूचा आहे. लातूरचा माणूस गावातल्या सभेला जायला धजत नाही, कारण दारात कुणी ओळखीचा भेटेल. मग त्याने अहमदपूर, लोहा करीत दीडशे किलोमीटरवरील नांदेड गाठावे काय? दर आठवड्याला रोजगार बुडवून? गुत्त्यात शिरताना पाहिले तर ज्याला कुणी हटकत नाही, त्याला सभेत शिरताना पाहून कुजबुजणारे आपणच. बारशाला आणि लग्नाला बाटल्या मांडणारेही आपणच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने जवळच्या सभेचा वार, वेळ आणि ठिकाण शोधून काढावे आणि लग्नाच्या पुकाराशेजारी फलकावर लावावे. सभा नसेल तेथे आठवड्यातून एक सायंकाळ शाळेची खोली मोकळी ठेवावी, दुसरी खोली पत्नी-मुलांच्या मेळाव्यासाठी. भाडे घ्यावे, कारण हे लोक बाहेरची देणगी स्वीकारत नाहीत, आपला खर्च आपणच भागवतात. मात्र खोली दिल्यावर बाजूला व्हावे. कोण आले, कोण नाही, याची विचारपूस नको. तेथे हिंदू, मुसलमान, शीख, बौद्ध बांधवही बसतील, त्यांच्यावर आपल्या प्रार्थना लादणे नको.

लाजरसाला कबरेतून हाक प्रभूने मारली. पण त्याची प्रेतवस्त्रे सोडण्याचे काम भोवती उभ्या असलेल्यांना सांगितले. आपण आजवर फक्त हाकेची वाट पाहत उभे राहिलो. येत्या उपवासकाळात कुणी शपथ घ्यायला पुढे आला, तर त्याला आशीर्वादाबरोबर सभेचा पत्ता द्यावा आणि पहिल्या दिवशी कुणीतरी त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत जावे.