वकिलीतील पौरुषाचे स्तोम

'वकिली हा मर्दाचा पेशा,' हे वाक्य परप्रांतातील आपल्या बैठकींतून मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते कायद्याचेच एखादे कलम असावे असे वाटू लागते. बोलणारे सुशिक्षित असतात. पुष्कळदा स्वतः कायद्याचे पदवीधर. आवाज खडा हवा, छाती न डगमगणारी हवी, साक्षीदाराला घाम फोडता आला पाहिजे. या लक्षणांच्या यादीत कायद्याचे ज्ञान बहुधा शेवटी येते.

या समजुतीवर एकदा न्यायालयाचा शिक्काही बसला होता. १९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंचा सनदेसाठीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी फेटाळला. पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश होतो, हा अर्थ लावण्याचा नियम तेव्हाही होता. परंतु व्याकरणाने उघडलेले दार रूढीने लावून घेतले. १९२१ साली पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला तेच आले. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना सनद दिली. कायदा तोच, पुस्तके तीच. गंगेच्या काठाने थोडे वर सरकले की बाई 'व्यक्ती' ठरत होती! अखेर १९२३ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली.

दूर झाली ती कागदावर. सर्वोच्च न्यायालय १९५० साली स्थापन झाले. तेथे पहिल्या स्त्री न्यायाधीश, फातिमा बीवी, आल्या १९८९ साली. तोवर लायक स्त्रियाच नव्हत्या असे म्हणणाऱ्याने, लायकीचे माप कोणाच्या अंगावरून घेतले तेही सांगावे. विधिमहाविद्यालयातील अभिरूप न्यायालयात मेजावर हात आपटणारा मुलगा 'धडाडीचा' ठरतो. तसेच मुलीने केले तर ती 'आक्रस्ताळी'. आणि ज्या मुलाचा आवाज मृदू, त्याला 'तू आपला खरेदीखते लिहीत बस' असे सांगण्यात येते. या मापाने तोही मारला जातो, हे मर्दानगीच्या अभिमान्यांच्या ध्यानात येत नाही.

आपण अधिकारी तरी निराळे कोठे आहोत? सरकारी वकिलांच्या यादीवर मत देताना मीही एकदा 'गृहस्थ खमके नाहीत' असा शेरा मारला होता. त्यांची टिपणे आमच्या कचेरीत सर्वांत नेटकी असत. त्यांच्या जागी जे आले त्यांनी न्यायालय दणाणून सोडले. अपिलाची मुदत मात्र त्यांच्या हातून टळून गेली.