स्थगिती शिक्षेला, दोष कायम

6 मे 2015 रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने 2002 च्या अपघात प्रकरणात अभिनेता सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने त्याला हंगामी जामीन दिला, दोन दिवसांनी शिक्षेला स्थगिती दिली आणि डिसेंबरात तो निर्दोषही सुटला. पैसेवाल्यांना वेगळा कायदा असतो, असे तेव्हा नाक्यानाक्यावर बोलले गेले. खरे तर कायदा तोच होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम 389, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 430. वेगळा होता तो वेग.

या कलमामागचा विचार साधा आहे. अपील पाच-सहा वर्षे पडून राहिले आणि शेवटी माणूस निर्दोष ठरला, तर तुरुंगात गेलेली वर्षे त्याला कोण परत देणार? सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये कश्मीरा सिंग खटल्यात हाच मुद्दा मांडला होता. म्हणून अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवून जामीन देता येतो. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झालेला आरोपी आधीच जामिनावर असेल आणि अपील करणार असेल, तर शिक्षा देणाऱ्या न्यायालयानेच त्याला अपिलापुरती सवड द्यायची असते. नकार द्यायचा तर खास कारण हवे. दहा वर्षे किंवा त्याहून मोठी शिक्षा, जन्मठेप वा फाशी असेल, तर सुटकेआधी सरकारी वकिलाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. यात माफी कसलीच नाही. अपील फेटाळले गेले की माणूस पुन्हा आत जातो आणि बाहेर काढलेले दिवस शिक्षेतून वजा होत नाहीत.

शिक्षा थांबली म्हणजे दोष पुसला गेला, हा गैरसमज मात्र राजकारण्यांना महागात पडतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्यात सुनील केदार यांना डिसेंबर 2023 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा 2002 चा, निकाल एकवीस वर्षांनी! लगेच आमदारकी गेली. जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षेला स्थगिती दिली, पण दोषसिद्धीला दिली नाही. केदार बाहेर आले, तरी 2024 ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही. सावनेरमधून पत्नी अनुजा उभ्या राहिल्या आणि हरल्या. राहुल गांधींचेही तसेच. मार्च 2023 मध्ये सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा अपिलासाठी लगेच थांबवली, तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ती परत आली ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिल्यावर.

ही नावे गाजतात, म्हणून हे कलम बड्यांसाठीच आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याची खरी गरज आहे ती दोन-तीन वर्षांची शिक्षा झालेल्या, गावाकडून आलेल्या, वकिलाच्या तारखेवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला. त्याची शिक्षाच अपिलाच्या रांगेत संपून जाते. कधी स्थगितीचा आदेश मिळतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी अडकलेल्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये घेतली. आदेशाची प्रत तुरुंगाधिकाऱ्यामार्फत कैद्यापर्यंत पोचवावी, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे त्यात सांगितले आहे.

मोफत वकील देण्याची व्यवस्था विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. तुरुंगातून अधीक्षकामार्फत अपील करण्याची सोयही कायद्यात आहे. तेव्हा जिथे आरोपीला स्वतःचा वकील नाही, तिथे निकालाच्या दिवशीच प्राधिकरणाच्या वकिलाने अपील आणि स्थगितीचा अर्ज हाती घ्यावा, आणि तसा आदेश उच्च न्यायालयाने सर्व जिल्ह्यांना काढावा.