घाटाचा गिअर घाटाच्या आधी



आज पिकाचं नाही, पीक वाहणाऱ्या गाडीचं बोलायचंय. आंब्याच्या हंगामात ट्रकला ड्रायव्हर मिळत नाही, म्हणून गावातली पोरं आता ट्रक शिकायला लागलीत. चांगलंच आहे. कायद्याने वय 20 पूर्ण पाहिजे आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं पाहिजे, मगच ट्रकचं शिकाऊ लायसन्स मिळतं. पण लायसन्स आलं म्हणजे गिअर आला असं नाही.

आपली पोरं पॉवर टिलर-ट्रॅक्टरवर तयार झालेली. तिथं गिअर थांबून टाकायचा आणि त्यावरच शेताचं टोक गाठायचं. ट्रकला चालत्या गाडीत बदलायचा. वरचे गिअर लवकर जमतात, खरी परीक्षा खाली येताना. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. जुन्या गाड्यांना हा डबल क्लच लागतोच. नव्या गाडीत गिअर सोपा पडतो, पण वेग फार वाढला तर तिथंही खालचा गिअर बसत नाही.

आता कोल्हापूरहून खत भरून येणारा ट्रक डोळ्यासमोर आणा. आंबा घाट उतरून साखरप्याला यायचंय. उताराला लागल्यावर गिअर शोधत बसलात तर उशीर झाला. भरलेली गाडी वेग घेते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. म्हणून ट्रॅक्टरचीच सवय इथं कामाची: काम सुरू व्हायच्या आधी गिअर ठरवायचा. ज्या गिअरवर हा घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतात.

काहीजण सांगतात, "न्यूट्रल मार, डिझेल वाचतं." खोटं आहे. नव्या गाड्यांत उतारावर गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. त्यात इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा भरायची थांबते.

माझं म्हणणं एवढंच. सपाट मैदानावर शिकलेल्या पोराला एप्रिलमध्ये पेट्या भरून एकट्याने घाटात पाठवू नका. डिसेंबर-जानेवारीत जाणता ड्रायव्हर शेजारी बसवा. आधी रिकामी गाडी, मग अर्धा भार, मग पूर्ण, असा घाट करून घ्या. चार फेऱ्यांचं डिझेल जाईल, जाऊ दे. कलम आपण चार-पाच वर्षं जपतो, तेव्हा कुठं फळ धरतो. पोराला एक महिना द्यायला काय हरकत आहे?

तुमच्याकडे कसं शिकवतात, खाली लिहा.